पान एकशे बारा

मन्मथ पुस्तकाचं नाव सांगत नाही.
गेल्या सालच्या कॅलेंडरचं पान उलटं करून
कव्हर घालतो, आणि हातात देताना म्हणतो,
एकशे बारापर्यंत जा. मग बोलू.
मी म्हणालो, कामून? असं काय आहे त्यात?
तर म्हणे, सांगून कळलं असतं
तर त्या माणसानं तीनशे पानं कशाला लिहिली असती?

सेलूला स्टेशन रोडवर शफीकचं मोटार रिवायंडिंग,
तिथं आमची बैठक. तांब्याच्या तारेची रिळं,
जळक्या वार्निशचा वास,
आणि स्टुलावर मी, महावितरणचा कारकून,
ज्याच्या खात्याच्या कृपेनं मोटारी जळतात
आणि आपली चूल पेटते, असं शफीक चारचौघांत सांगतो.
शफीक वाचत नाही. ऐकतो.
मी वाचायचं, त्यानं वेढे मोजायचे,
आणि मध्येच, रुको, ये फिर से पढो,
म्हणजे वाक्य चांगलंय
किंवा मोजणी चुकलीय.
दोन्हीतलं कोणतं, ते विचारायचं नाही.

त्याची शिफारस वेगळी.
परभणीच्या उरुसात अकरालाच मी पेंगायलो,
तर दंड धरून म्हणाला, अभी तो गला गरम कर रै,
दोन वाजू दे.
दोन वाजता खरंच
मागं टाळ्या वाजवणाऱ्या पोरसवद्या कव्वालानं
एक ओळ धरली ती सोडीचना,
आणि शेजारचा केळीवाला गाडा तसाच टाकून
गल्ल्यातली चिल्लर उधळून आला.
पहाटेच्या पॅसेंजरमध्ये शफीक बोलला नाही,
सेलू येईपर्यंत नुसता
बाकड्यावर बोटं वाजवीत बसला.

एकशे बारावर मी चारदा गेलो.
एक बाई विहिरीत घागर सोडते.
दोर सुटत जातो, सुटत जातो,
आणि घागर पाण्याला लागायच्या आत
प्रकरण संपतं. खाली अर्धं पान कोरं.
मी मन्मथला म्हणालो, छापताना काहीतरी गळालंय.
त्यानं असं पाहिलं
जसा मी चपला घालून गाभाऱ्यात शिरलो.
आठवडाभर चहाला आला नाही.

मग जानेवारीत, शाळेच्या मैदानावर गाणं.
सतरंज्या, शेंगांची टरफलं, कानाला मफलर.
बाई धारवाडकडच्या, पासष्टीच्या, स्वेटरवर शाल.
शफीक कानाशी म्हणाला, डाव्या तंबोऱ्याचा पंचम
केसभर उतरलाय,
आणि मिनिटाच्या आत बाईंनी वळून खुंटी पिळली.
त्याची फुगलेली छाती मला अंधारातही दिसली.

बागेश्री होता. तबला अजून मांडीपुढं गप्प.
बाई पायरी पायरी खाली उतरायलत्या,
मंद्रात, आणखी खाली,
षड्ज आता लागणार,
तेवढ्यात नांदेडकडची मालगाडी.
बाई थांबल्या. हात पुढं, मूठ अर्धी मिटलेली,
डोळे बंद.
डबे संपेनात. शफीक मोजायलता, सवयीनं,
त्रेचाळीस, चव्वेचाळीस.
एवढ्या थंडीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

घागर, मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो बहुतेक,
कारण तीन रांगा पुढं
एक माकडटोपी वळली
आणि मन्मथनं हात वर करून दाखवलं:
एक बोट. एक बोट. दोन बोटं.

स्टेशनवरच्या चहाला रात्री दीडला आम्ही तिघं.
शफीकनं विचारलं, फिर? पानी लगा क्या घडे को?
मी म्हणालो, मी पुढं गेलोच नाही.
मन्मथ बशीतला चहा फुंकीत राहिला,
मग टोपीतूनच बोलला, मीबी नाही गेलो.
नऊ वर्षं झाली.

शफीकनं आम्हा दोघांकडं
जळालेल्या मोटारीकडं बघावं तसं पाहिलं.
उद्या घेऊन ये, म्हणाला,
पाच हॉर्सपॉवरच्या तीन आल्यात,
रात्रभर तार गुंडाळायचीय.